भूमध्यसागरी हवामानाच्या प्रदेशांतील वनसंशोधन आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत भूगोलाचे शिक्षक आहेत, वनशास्त्राचे विद्यार्थी आहेत आणि कॅलिफोर्निया किंवा पर्थकडे स्थायिक झालेले मराठी वाचकही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी आला असेल, तर तो एकदाच सविस्तर सांगून दुसरीकडे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भूमध्यसागरी हवामान म्हणजे नेमके काय? ते फक्त भूमध्य समुद्राभोवतीच असते का?

पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, ही या हवामानाची थोडक्यात ओळख. उन्हाळ्यात जास्त दाबाचा पट्टा ध्रुवाच्या दिशेने सरकतो आणि पाऊस अडतो. हिवाळ्यात तो मागे हटला की पश्चिमेकडून येणारे वारे पाऊस घेऊन येतात. खंडांच्या पश्चिम कडेला, साधारण ३० ते ४५ अंश अक्षांशांच्या दरम्यान ही स्थिती आढळते. असे पाच प्रदेश आहेत : भूमध्य समुद्राचे खोरे, अमेरिकेतील कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतील केप प्रदेश आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व काही दक्षिण भाग. पृथ्वीवरील जमिनीपैकी जेमतेम २ टक्के जमीन या पाचांच्या वाट्याला आली आहे, पण वनस्पतींच्या ज्ञात जातींपैकी सुमारे २० टक्के जाती तिच्यावर वाढतात.

२. भारतात असे हवामान आहे का? नसेल, तर आपला यात संबंध कोठे येतो?

महाराष्ट्रात तर नाहीच. आपला पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो आणि हिवाळा कोरडा जातो, म्हणजे गणित बरोबर उलटे. काश्मीर खोऱ्यात हिवाळा आणि वसंतातील पाऊस-बर्फामुळे थोडेफार साम्य दिसते, आणि तो ओलावा आणणारे पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राच्याच बाजूने येतात.

संबंध आहे तो झाडांचा आणि रोगांचा. निलगिरी पर्वतावर एकोणिसाव्या शतकात लावलेला युकॅलिप्टस, म्हणजे ज्याला आपण झाडाच्या नावानेही ‘निलगिरी’च म्हणतो तो, ज्या जातीचा आहे तीच जात पोर्तुगाल, चिली आणि कॅलिफोर्नियात पसरली. विदर्भातील संत्र्याचा डिंक्या आणि कोकणातील सुपारीचा कोळेरोग ज्या कुळातील सूक्ष्मजीवामुळे होतो, त्याच कुळातील एका जातीने पश्चिम ऑस्ट्रेलियातील जंगले सुकवली (प्रश्न १० पाहा).

३. या प्रदेशांत झाडे कमी आणि झुडपेच जास्त दिसतात. मग त्याला ‘जंगल’ कसे म्हणायचे?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार अर्ध्या हेक्टरहून मोठे क्षेत्र, ५ मीटरपेक्षा उंच वाढणारी झाडे आणि १० टक्क्यांहून अधिक जमिनीवर झाडांचे छत्र असेल, तर ते जंगल. या मोजपट्टीने पाहिले, तर भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत २०१५ मध्ये सुमारे ८ कोटी ८० लाख हेक्टर जंगल होते. केप प्रदेशाचा मोठा भाग मात्र या व्याख्येत बसतच नाही.

त्यामुळे संशोधक जंगल आणि झुडूपरान यांच्यात भिंत घालत नाहीत. या झुडूपरानाला प्रत्येक ठिकाणी स्थानिक नाव आहे : कोर्सिकाकडून फ्रेंचमध्ये आलेले ‘माकी’, कॅलिफोर्नियात स्पॅनिशमधून आलेले ‘चॅपरल’, चिलीत ‘मातोराल’, केपमध्ये आफ्रिकान्स भाषेतील ‘फायनबोस’ आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तेथील मूळ रहिवाशांच्या नूंगार भाषेतील ‘क्वाँगन’. पाच नावे, चार भाषा आणि पानांची ठेवण मात्र बरीचशी सारखी : लहान, जाड, चामड्यासारखी. तुलनेची सुरुवात येथूनच झाली.

४. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशांनी एकत्र संशोधन करण्याची कल्पना निघाली कोठून?

सारख्या हवामानात, एकमेकांशी नाते नसलेल्या वनस्पतींना सारखे रूप येते का, हा मूळ प्रश्न होता. १९६४ ते १९७४ या काळात चाललेल्या आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमात कॅलिफोर्निया आणि चिली यांची जोडी त्यासाठी निवडली गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हॅरल्ड मूनी या कामाच्या अग्रभागी होते. १९७१ मध्ये चिलीतील वाल्दिव्हिया येथे झालेल्या बैठकीपासून भूमध्यसागरी परिसंस्थांवरील परिषदांची मालिका सुरू झाली आणि ती या पाचही प्रदेशांत फिरत राहिली.

अशा तुलनेतून काय हाती लागते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण धुराचे आहे. वणव्यानंतर फायनबोसमधील कित्येक बिया एकदम उगवतात. वर्षानुवर्षे त्याचे श्रेय उष्णतेला दिले जात असे. केपमधील संशोधकांनी एका दुर्मीळ झुडपाच्या बिया असलेल्या मातीवर तंबू टाकून त्यात नुसता धूर सोडला, आग नाही. आणि बिया उगवल्या. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पर्थच्या किंग्ज पार्क वनस्पती उद्यानातील संशोधकांनी तोच प्रयोग आपल्याकडील, रोपवाटिकेत काही केल्या न उगवणाऱ्या जातींवर केला आणि त्यांपैकी अनेक जाती रुजल्या. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात चॅपरलमधील एका फुलझाडावर धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडचा असाच परिणाम दाखवला गेला. २००४ मध्ये धुरातील मुख्य क्रियाशील रेणू ओळखला गेला, तोही पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथील दोन गटांकडून स्वतंत्रपणे. म्हणजे सहकार्यात चुरसही असतेच, आणि ती वाईट नाही. केपमधील बागप्रेमी आज धुराने माखलेला कागद पाण्यात भिजवतात आणि त्या पाण्यात बिया टाकतात.

५. कोणत्या संस्था हे काम करतात? नावे इतकी आहेत की गोंधळ होतो.

गोंधळ होणे स्वाभाविक आहे. कामे एकमेकांत शिरतात. सर्वांत जुनी छत्रसंस्था म्हणजे वनसंशोधन संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ. तो १८९२ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे स्थापन झाला आणि त्याचे सचिवालय आता व्हिएन्नात आहे. त्याचा आवाका जगभराचा आहे. भूमध्यसागरी प्रदेश हा त्यातील एक कोपरा.

केवळ भूमध्य खोऱ्यासाठी ‘सिल्वा मेडिटेरानिया’ आहे. १९२२ मध्ये ती वनाधिकाऱ्यांची संघटना म्हणून सुरू झाली आणि १९४८ पासून अन्न व कृषी संघटनेची अधिकृत समिती म्हणून काम करते. येथे सदस्य असतात ती सरकारे, संशोधक नव्हेत; हा फरक लक्षात ठेवावा. युरोपीय वन संस्थेचे मुख्यालय फिनलंडमधील योएन्सू येथे असून तिने २००७ मध्ये बार्सिलोनात भूमध्यसागरी कार्यालय उघडले. संशोधनाचे विषय ठरवणे आणि प्रकल्पांसाठी भागीदार जुळवणे, हा त्या कार्यालयाचा पिंड. प्रशिक्षणासाठी १९६२ मध्ये स्थापन झालेले भूमध्यसागरी प्रगत कृषिअभ्यास केंद्र आहे. बारी, हानिया, माँपेलिए आणि सारागोसा येथे त्याच्या संस्था आहेत. १९९६ पासून मार्सेय येथे काम करणारी आंतरराष्ट्रीय भूमध्यसागरी वन संघटना स्थानिक संस्था आणि व्यवस्थापक यांना जोडते.

ही सर्व मंडळी एका मांडवाखाली येतात ती भूमध्यसागरी वन सप्ताहात. पहिला सप्ताह २०१० मध्ये तुर्कस्तानातील अंताल्या येथे झाला. पुढे आव्हिन्यों, अल्जीरियातील त्लेमसेन, बार्सिलोना, मोरोक्कोतील अगादीर आणि लेबननमधील ब्रुमाना असा त्याचा प्रवास झाला.

६. ‘फॉरेस्टेरा’ हे नाव वाचनात येते. ती संस्था आहे का?

नाही. युरोपीय संघाच्या सातव्या संशोधन आराखड्यातून २०१२ मध्ये सुरू झालेले ते निधी देणाऱ्या यंत्रणांचे जाळे होते. प्रत्येक देशाने आपापल्या खिशातून वेगवेगळे प्रकल्प चालवण्याऐवजी सर्वांनी मिळून प्रकल्पांचे अर्ज मागवावेत, हा त्यामागचा हेतू. भूमध्य खोऱ्याबाहेरील तत्सम हवामानाच्या प्रदेशांशी संबंध वाढवणे, हेही त्याच्या उद्दिष्टांत लिहिलेले होते. प्रकल्पाची मुदत संपली. अशा जाळ्यांचे आयुष्य तेवढेच असते (प्रश्न ८ मधील हिशेब पाहा).

७. उत्तर आफ्रिकेतील देश यात बरोबरीने असतात, की नावापुरते?

सिल्वा मेडिटेरानियासारख्या सरकारी व्यासपीठावर ते बरोबरीचे सदस्य आहेत. त्लेमसेन आणि अगादीर येथील वन सप्ताहांतून निघालेली आवाहने त्याच मार्गाने आली. निधीच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. मोठी रक्कम युरोपीय संघाकडून येते, अर्जाचे नियम तेथेच ठरतात आणि समन्वयकाची खुर्ची बहुधा उत्तर किनाऱ्यावरच राहते. तुर्कस्तान आणि ट्युनिशिया यांना युरोपीय संशोधन कार्यक्रमात सहयोगी देशाचा दर्जा आहे. खोऱ्यातील प्रत्येक देशाला तो नाही.

ज्ञानाच्या बाबतीत मात्र दक्षिणेकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. अल्जीरियाने १९७० च्या दशकात सहारा रोखण्यासाठी ‘हरित बांध’ हाती घेतला. सुरुवातीला मैलोन्मैल एकाच जातीचा, अलेप्पो पाइन लावला गेला आणि रांगेने चालणाऱ्या केसाळ अळीने त्याचा फडशा पाडला. हा धडा उत्तर किनाऱ्यावर कोणी प्रयोगशाळेत शिकू शकला नसता. उद्या दक्षिण फ्रान्सचा उन्हाळा जसा असेल, तसा अल्जीरियाच्या उंच पठारावर आजच आहे, ही गोष्ट अर्जांच्या छाननीत पुरेशी मोजली जात नाही, असे माझे मत आहे.

८. एकाच जातीचे बियाणे अनेक देशांत लावून पाहण्याच्या चाचण्या का घेतात? निकाल यायला इतकी वर्षे का लागतात?

जात एक असली, तरी ठिकाणागणिक तिचे वाण बदलते. कोरड्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या झाडाची संतती आणि ओल्या किनाऱ्यावरील झाडाची संतती शेजारीशेजारी लावली, तरच फरक जमिनीचा की रक्ताचा, हे कळते. अलेप्पो पाइनच्या अशा चाचण्या सिल्वा मेडिटेरानियाच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात सुरू झाल्या. बुचाच्या ओकची आंतरराष्ट्रीय चाचणी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. तीत सात देशांतील ३५ ठिकाणांचे बियाणे होते.

यातील पहिली अडचण बियांचीच. पाइनचे बी वाळवून, थंडीत ठेवून वर्षानुवर्षे टिकवता येते. ओकचे फळ फणसाच्या आठळीसारखे असते : वाळले की मेले. म्हणजे मोरोक्कोपासून इटलीपर्यंतची गोळाबेरीज एकाच हंगामात, काही आठवड्यांत व्हावी लागते. ज्या वर्षी एखाद्या ठिकाणी फळच धरले नाही, ते ठिकाण चाचणीतून गळते.

दुसरी अडचण काळाची. बुचाच्या ओकची साल पहिल्यांदा काढायला झाड सुमारे २५ वर्षांचे व्हावे लागते. पोर्तुगालमध्ये छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर ७० सेंटिमीटर भरल्याशिवाय साल काढता येत नाही आणि त्यानंतर दोन सोलण्यांत किमान ९ वर्षांचे अंतर ठेवावे लागते. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत निघते. बाटलीचे चांगले बूच तिसऱ्या वेळी मिळते. २५ आणि ९ आणि ९, म्हणजे ४३. १९९८ मध्ये लावलेल्या रोपाचे खरे उत्तर २०४१ च्या सुमारास हाती येईल. संशोधन प्रकल्पाला निधी मिळतो तीन किंवा चार वर्षांचा. मधल्या काळात कुंपण दुरुस्त करणे, झाडांवरचे क्रमांकाचे बिल्ले बदलणे आणि नकाशा सांभाळणे, ही कामे कोणत्याही अर्जात शोभत नाहीत, म्हणून त्यांना पैसे मिळत नाहीत. नकाशा हरवला की उभी झाडे असूनही चाचणी संपते. या साऱ्या सहकार्यातील सर्वांत कच्चा दुवा मला हाच वाटतो.

९. झाड मूळचे एका प्रदेशातले आणि लागवड दुसरीकडे, असे असेल तर संशोधनाची जबाबदारी कोणाची?

रेडिएटा पाइनचा इतिहास पाहिला, तर उत्तर मिळते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तीन आणि मेक्सिकोच्या दोन बेटांवर प्रत्येकी एक, अशा केवळ पाच ठिकाणी हे झाड नैसर्गिकरीत्या वाढते. मायदेशी त्याला लाकूड म्हणून फारशी किंमत नाही. चिली, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, स्पेन आणि दक्षिण आफ्रिका येथे मात्र त्याची अफाट लागवड आहे. एकट्या चिलीतच ती दहा लाख हेक्टरांहून अधिक भरते. लागवडीच्या देशांनी वापरलेले बियाणे सुरुवातीला थोड्याच झाडांतून आलेले असल्यामुळे वाणाचा पाया अरुंद राहिला. म्हणून १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय पथकाने पाचही मूळ ठिकाणांहून नव्याने बियाणे गोळा केले आणि ते अनेक देशांत वाटले. पुढे ग्वादालुपे बेटावर शेळ्यांनी नवी रोपे वाढू न दिल्याने मूळ वन मोजक्या म्हाताऱ्या झाडांपुरते उरले होते. त्या वाणाची संतती तोवर दूर ऑस्ट्रेलियात सुरक्षित होती. शेळ्या हटवल्यावर बेटावर रोपे पुन्हा दिसू लागली. जबाबदारी कोणाची, हे कायद्याने ठरलेले नाही. ज्याला गरज पडली त्याने ती उचलली.

१०. जंगलातील रोगांबाबत सहकार्य कसे चालते? एखादे ठोस उदाहरण सांगाल का?

फायटोफ्थोरा सिनामोमाय या रोगकारक सूक्ष्मजीवाचे नाव दालचिनीवरून पडले, कारण १९२२ मध्ये सुमात्रा बेटावर दालचिनीच्या झाडांवर त्याचे प्रथम वर्णन झाले. तो दिसतो बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशींत मोडत नाही. ओल्या मातीत त्याचे बीजाणू पोहत मुळांपर्यंत जातात आणि मुळे कुजवतात. झाडाला पाणी मिळेनासे होते आणि ते उन्हाळ्यात वाळते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा नावाच्या युकॅलिप्टसची जंगले १९२० च्या दशकापासून वाळत होती. माती खराब झाली, ओल जास्त झाली, असे अनेक तर्क झाले. खरे कारण १९६० च्या दशकाच्या मध्यात सापडले.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ओक वाळू लागले, तेव्हाही दुष्काळालाच दोष दिला जात होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील मुळांतून हाच जीव वेगळा काढण्यात आला. ऑस्ट्रेलियातील अनुभव हाताशी नसता, तर मुळे उकरून पाहायला आणखी किती वर्षे गेली असती, सांगता येत नाही. खोडात फॉस्फाइट टोचण्याचा ऑस्ट्रेलियातील उपाय नंतर इबेरियातील ओकवरही करून पाहण्यात आला. त्याने झाडाचा प्रतिकार वाढतो. मातीतील रोग जात नाही. संत्राबागायतदारांना हे नवे नाही.

म्हणूनच खरा भर प्रसार रोखण्यावर असतो. पर्थजवळच्या जंगलवाटेच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी, ताठ केसांचा ब्रश आणि जंतुनाशकाची फवारणी ठेवलेली दिसते. बुटाच्या तळव्याच्या खाचांतील चिखल आधी पूर्ण खरवडायचा, मगच द्रव मारायचा. चिखलावरून मारलेला द्रव आत पोचत नाही. पाच प्रदेशांत फिरणाऱ्या संशोधकांनीच रोगाचे वाहक होऊ नये, यासाठी अनेक गट आता प्रत्येक देशात बुटांची वेगळी जोडी ठेवतात.

११. उपद्रवी परदेशी झाडांवर एका देशाने शोधलेला उपाय दुसऱ्याला तसाच वापरता येतो का?

तसाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील लांब पानांची अकेशिया दक्षिण आफ्रिका आणि पोर्तुगाल या दोन्ही ठिकाणी वाळूच्या टेकड्या धरून ठेवण्यासाठी आणली गेली आणि मोकाट सुटली. तिचे बी मातीत दशकानुदशके पडून राहते आणि वणव्यानंतर एकदम फुटते, म्हणून झाड तोडून भागत नाही. ऑस्ट्रेलियात एक चिमुकला, गांधीलमाशीच्या गणातील कीटक तिच्या फुलकळ्यांत अंडी घालतो; कळीची गाठ होते आणि शेंग धरत नाही. दक्षिण आफ्रिकेने तो १९८० च्या दशकात सोडला आणि झाडांची बीजनिर्मिती कमालीची घटली.

पोर्तुगालने तो सोडला २०१५ मध्ये. मधली वर्षे कोइंब्रा येथे विलगीकरण कक्षात हा कीटक स्थानिक व लागवडीच्या झाडांवर बसतो का हे तपासण्यात, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मत मिळवण्यात आणि परवान्यांत गेली. शिवाय गोलार्ध उलटा. दक्षिण आफ्रिकेहून आणलेल्या गाठींतून कीटक बाहेर पडत ते तेथील ऋतूनुसार, आणि त्या वेळी पोर्तुगालमधील झाडांवर योग्य वयाच्या कळ्या असतीलच असे नाही. पहिल्या वर्षी फारच थोड्या गाठी धरल्या. त्या थोड्यांच्या संततीने उत्तरेचा ऋतू पकडला आणि मग संख्या वाढू लागली.

१२. वणवे विझवण्यासाठी देश एकमेकांना माणसे आणि विमाने पाठवतात. हे संशोधन सहकार्य म्हणायचे का?

ते मदतकार्य, पण त्याच्या पाठीशी संशोधन नसेल, तर ते चालत नाही. जानेवारी २०१७ मध्ये मध्य चिलीत पाच लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि सांता ओल्गा हे गाव नामशेष झाले. त्याच वर्षी जूनमध्ये पोर्तुगालमधील पेद्रोगाव ग्रांदे येथे ६६ माणसे दगावली. दोन्हीकडे पाइन आणि युकॅलिप्टसची सलग लागवड, तीव्र दुष्काळ आणि वस्तीला भिडलेले रान, हे समान धागे होते, आणि तुलनात्मक अभ्यास त्यांवरच झाले.

माहितीच्या बाजूला इटलीतील इस्प्रा येथून चालणारी युरोपीय वणवा माहिती प्रणाली आहे. उपग्रहावरून जळालेले क्षेत्र एकाच पद्धतीने मोजणे हे तिचे मोठे काम, आणि तिच्या नकाशांत उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वही येतात. २००६ ते २०१० या काळातील ‘फायर पॅराडॉक्स’ प्रकल्पाचा विषय आगीचा हत्यार म्हणून वापर हा होता. त्याबाबत पश्चिम ऑस्ट्रेलियाचा अनुभव प्रदीर्घ आहे. १९६१ मध्ये ड्वेलिंगअप हे गाव वणव्यात जळाल्यानंतर तेथे ठरवून, थंड हंगामात पालापाचोळा जाळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर वाढवले गेले. आपल्याकडील वनरक्षक फेब्रुवारीच्या आत जाळरेषा काढतात, त्यामागील तत्त्व हेच. फरक एवढाच की जाळरेषा ही पट्टी असते आणि तेथे जंगलाच्या पूर्ण तुकड्यातील पालापाचोळा जाळला जातो. युरोपात याला अजूनही सर्वत्र कायद्याची मोकळीक नाही.

१३. एका प्रदेशातील निष्कर्ष दुसऱ्याला लागू पडत नाहीत, असे कधी होते?

वारंवार होते, आणि अर्ध्या वाचकांची पत्रे याच गैरसमजावर असतात. हवामान सारखे म्हणून सारे सारखे, असे नाही. चिलीत अँडीज पर्वत उन्हाळी वादळे अडवतो, म्हणून विजांनी लागणाऱ्या आगी जवळजवळ नाहीत. तेथील वनस्पतींना आगीची सवय कॅलिफोर्नियातील वनस्पतींइतकी नाही. त्यामुळे प्रश्न ४ मधील धुराचा किंवा प्रश्न १२ मधील जाळण्याचा उपाय चिलीत डोळे मिटून नेला, तर नुकसानच व्हायचे.

दुसरे कारण माती. केप आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाची जमीन अतिप्राचीन, धुऊन निघालेली, फॉस्फरस जवळजवळ नसलेली आहे. तेथील अनेक झुडपांना साधे खत घातले, तरी ती मरतात. तिसरे कारण माणूस : भूमध्य खोऱ्यात हजारो वर्षे नांगर, कुऱ्हाड आणि शेळी चालली आहे. ‘मूळ जंगल’ परत आणायचे म्हटले, तर नेमके कोणत्या शतकातील, हा प्रश्न तेथे थट्टेचा राहत नाही.

१४. हवामान बदलत असेल, तर दक्षिणेकडील झाडे उत्तरेला नेऊन लावता येतील का?

हा प्रयोग नकळत आधीच होऊन गेला आहे. दक्षिण फ्रान्समधील व्हाँतू पर्वताचे उघडे उतार १८६० च्या दशकात अल्जीरियाहून आणलेल्या बियाण्यातून, म्हणजे आपल्या देवदाराचा सख्खा भाऊ असलेल्या अ‍ॅटलास देवदाराने, झाकायला सुरुवात झाली. ते झाड तेथे रुजले, स्वतःहून पसरू लागले आणि आज आव्हिन्योंच्या संशोधकांसाठी तयार प्रयोगशाळा झाले आहे. उलट बाजूला प्रश्न ९ आणि ११ आहेत : नेलेले झाड उपयोगी ठरेल की उपद्रवी, हे पहिल्या पिढीत कळत नाही. भूमध्य प्रदेशाचे तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५ अंशांनी वाढले असल्याचे तेथील हवामान तज्ज्ञांच्या जाळ्याने २०२० च्या अहवालात नोंदवले, त्यामुळे थांबून पाहण्याची मुभाही फारशी नाही. एकाच देशातील किंवा खोऱ्यातील वाण हलवण्याला बहुतेकांची संमती आहे. खंड ओलांडण्याला नाही.

१५. बिया, पाने किंवा मातीचे नमुने संशोधनासाठी परदेशी पाठवता येतात का?

पाठवता येतात, परंतु खिशात टाकून नव्हे. बियांसाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. मातीवर बहुतेक देशांत कडक बंधने आहेत, आणि का, ते प्रश्न १० वरून कळेल. शिवाय आंतरराष्ट्रीय जैवविविधता कराराला जोडलेला नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आहे. त्यानुसार मूळ देशाची पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या अटी ठरवाव्या लागतात. अमेरिका मूळ जैवविविधता कराराचीच सदस्य नाही, म्हणून कॅलिफोर्नियाशी व्यवहार वेगळ्या कागदांवर होतो. भारतातून नमुने पाठवायचे असल्यास २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो आणि चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पाहावी लागते. सरकारी मान्यता असलेल्या सहयोगी प्रकल्पांना त्यात सवलत आहे. कागदपत्रांना लागणारा वेळ धरूनच हंगाम ठरवावा, विशेषतः ओकसारख्या बियांच्या बाबतीत.

१६. हे सर्व साहित्य इंग्रजीत मिळते का?

नवे बहुतांश मिळते. जुने मिळत नाही, आणि जुनेच अधिक मोलाचे असते. उत्तर आफ्रिकेतील लागवडींच्या नोंदी फ्रेंचमध्ये, चिलीतील व स्पेनमधील स्पॅनिशमध्ये, आणि तुर्कस्तान व ग्रीसमधील त्यांच्या त्यांच्या भाषांत आहेत. यांपैकी एक भाषा वाचता येणारा विद्यार्थी गटात असला, तर त्याचे वजन आपोआप वाढते.

१७. भारतातील विद्यार्थ्याला या कामात शिरकाव करता येईल का?

येईल. सारागोसा, माँपेलिए यांसारख्या ठिकाणचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि युरोपीय संघाच्या संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्ती बाहेरच्या देशांतील अर्जदारांनाही खुल्या असतात. पर्थ किंवा केप टाउन येथील विद्यापीठांत प्रवेश घेणे हा दुसरा मार्ग. अर्जात केवळ ‘आवड आहे’ असे लिहू नये. वणव्यानंतरची उगवण, फायटोफ्थोराची ओळख किंवा उपग्रहचित्रांचे वाचन यांपैकी एखादे काम आपल्या जंगलात प्रत्यक्ष केलेले असेल, तर ते दाखवावे.

१८. कोकणात सामाजिक वनीकरणाने लावलेल्या अकेशियावर प्रश्न ११ मधील कीटक सोडता येईल का?

नाही. कोकणातील अकेशिया ही ऑस्ट्रेलियाच्या उष्ण, उन्हाळी पावसाच्या उत्तर भागातील वेगळी जात आहे, आणि तो कीटक मुख्यतः लांब पानांच्या अकेशियावर व तिच्या अगदी जवळच्या जातींवरच अंडी घालतो. जैविक नियंत्रणासाठी तो निवडला गेला, तो याच चोखंदळपणामुळे. शिवाय सरपण आणि लाकडासाठी ही झाडे राखणारे शेतकरी कोकणात आहेत. नियंत्रण करायचे की नाही, हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवावे लागेल आणि मग कीटकाचा शोध उत्तर ऑस्ट्रेलियात नव्याने घ्यावा लागेल.